पहाडी नदीतील राफ्टिंग : प्रवासाच्या नियोजनापासून परतीनंतरच्या तापापर्यंत घ्यावयाची काळजी

हिमालयातून खाली झेपावणाऱ्या नद्यांमध्ये हवा भरलेल्या रबरी तराफ्यातून, म्हणजेच राफ्टमधून, प्रवास करण्याची हौस आता मोजक्या साहसवीरांपुरती राहिलेली नाही. ऋषिकेशच्या वरच्या अंगाची गंगा, कुलू खोऱ्यातील बियास, लडाखमधील सिंधू आणि झंस्कार, सिक्कीममधून उतरणारी तीस्ता, दांडेलीची काळी नदी, रायगड जिल्ह्यात कोलाडजवळची कुंडलिका अशा अनेक ठिकाणी दर हंगामात कुटुंबे, महाविद्यालयीन तरुणांचे गट आणि कार्यालयीन सहली राफ्टमध्ये बसतात. यांपैकी बहुतेकांनी त्यापूर्वी वाहत्या पाण्यात कधी पाऊल टाकलेले नसते. अनेकांना पोहताही येत नाही.

त्यांना या आनंदापासून परावृत्त करण्याचा या माहितीपत्रकाचा हेतू नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मृत्यू पावली, आणि बुडण्याचे बहुतांश प्रसंग टाळता येण्याजोगे असतात, हे मात्र ध्यानात घ्यावे. राफ्टिंगमधील अपघाताची बीजे पुष्कळदा राफ्ट पाण्यात उतरण्यापूर्वीच पेरली जातात : चुकीचा महिना निवडताना, स्वस्तातील आयोजक ठरवताना, एखाद्या सहप्रवाशाचा आजार झाकून ठेवताना. म्हणून पुढील मजकूर प्रामुख्याने सहलीचे नियोजन करणाऱ्या व्यक्तीस उद्देशून आहे. प्रत्येक गटात अशी एक व्यक्ती असतेच. पैसे गोळा करण्याबरोबर प्रसंगी ‘आज जायचे नाही’ असे सांगण्याची जबाबदारीही तिचीच असते.

नदीची प्रत आणि नदीचा वेग

नदीचा उतार एकाएकी वाढतो, पात्र आवळते किंवा तळाशी मोठे खडक येतात, तेव्हा पाणी फेसाळून उसळते. अशा टप्प्याला राफ्टिंगच्या भाषेत रॅपिड म्हणतात. रॅपिडची अवघडता आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार १ ते ६ अशा श्रेणींत सांगतात. पहिल्या श्रेणीत पाणी केवळ खळाळते. तिसऱ्या श्रेणीत लाटा राफ्टवर आदळतात आणि मार्गदर्शकाच्या हुकमाप्रमाणे सर्वांना नेटाने वल्हवावे लागते. चौथ्या श्रेणीत चूक महागात पडते, पाचवी केवळ मुरलेल्या पथकांसाठी असते, आणि सहावीत जाणे म्हणजे जिवाशी खेळ. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणीपुरतेच समाधान मानावे, असे स्पष्टपणे सुचवावेसे वाटते.

ऋषिकेशचे उदाहरण घेऊ. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा यांचा संगम होऊन गंगा हे नाव मिळते. तेथून खाली उतरणाऱ्या नदीवर कौडियाला ते ऋषिकेश हा सुमारे ३६ किलोमीटरचा पट्टा राफ्टिंगसाठी वापरला जातो. ब्रह्मपुरीहून निघाल्यास अंतर सुमारे ९ किलोमीटर पडते, शिवपुरीहून १६, मरीन ड्राइव्ह या ठिकाणाहून साधारण २५. अंतराबरोबर अवघडताही वाढते. कौडियाला ते मरीन ड्राइव्ह या सर्वांत वरच्या भागात ‘द वॉल’ नावाचा रॅपिड आहे, तो राफ्ट उलटवण्यासाठी प्रसिद्ध आहे. शिवपुरीच्या खालचे ‘रोलर कोस्टर’ किंवा ‘गोल्फ कोर्स’ त्या मानाने सौम्य असले तरी पाणी चढल्यावर त्यांचेही रूप पालटते. पैसे भरताना केवळ किलोमीटर विचारण्याची आपल्याकडे सवय आहे. त्याऐवजी वाटेत कोणते रॅपिड आहेत, त्यांची श्रेणी कोणती आणि आजच्या पाण्यात ती किती, हे विचारावे. श्रेणी ही नदीच्या कपाळावर कोरलेली नसते. तोच खडक डिसेंबरमध्ये वळसा घालून ओलांडता येतो आणि जूनमध्ये त्यावरून लाट फुटत असते. पाणी फार थंड असेल किंवा जागा मदतीपासून दूर असेल, तर अनुभवी मार्गदर्शक मनातल्या मनात एक श्रेणी वाढवूनच हिशेब करतात.

प्रवाहाच्या जोराविषयी एक साधा नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा शरीरावर येणारा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणूनच काठावरून ‘गुडघाभर तर आहे’ असे दिसणारे पाणी धडधाकट माणसाला खाली पाडते. पोहणे येणे ही चांगली गोष्ट आहे, पण तलावात किंवा विहिरीत कमावलेला आत्मविश्वास येथे जसाच्या तसा कामी येत नाही. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते. असे पाणी शरीराला नेहमीइतके उचलून धरत नाही आणि हाताला पकडही देत नाही. जीवरक्षक जाकीट उत्तम पोहणाऱ्यालाही लागते, ते याचमुळे.

पाणी केव्हा वाढते आणि ते कोण सोडते

गंगेवरील राफ्टिंगचा हंगाम साधारणपणे सप्टेंबरअखेर सुरू होतो आणि पावसाळा लागेपर्यंत चालतो. जुलै व ऑगस्टमध्ये ते बंद असते. लडाखच्या नद्यांवर नेमके उलटे आहे : तेथे बर्फ वितळून नद्या वाहत्या होतात, म्हणून जून ते सप्टेंबर हाच काळ. हिमनद्यांवर पोसलेल्या नद्यांची आणखी एक खोड आहे. सकाळी पाणी उतरलेले असते. दिवसभराच्या उन्हाने बर्फ वितळला की दुपारनंतर ते चढते. सकाळी ज्या खडकांवर उभे राहून न्याहारी केली ते संध्याकाळी दिसेनासे झाले, असा अनुभव पहाडात नवा नाही. वरच्या खोऱ्यात पाऊस कोसळत असताना खाली स्वच्छ ऊन असू शकते. पाणी एकाएकी गढूळ होणे, त्यातून काटक्या व पालापाचोळा वाहत येणे, प्रवाहाचा आवाज बदलणे या खुणा दिसताच वर, उंच जागी जावे; सामान गोळा करीत बसू नये.

धरणांचा विषय याहून गंभीर आहे. आज हिमालयातील बहुतेक मोठ्या नद्यांवर कोठे ना कोठे जलविद्युत प्रकल्प आहेत. भागीरथीवर टिहरीचे २६० मीटरहून अधिक उंचीचे धरण आहे आणि त्याच्या खाली कोटेश्वर. विजेची मागणी वाढली की जनित्रे सुरू होतात आणि पाणी सुटते. या वाढीचा पावसाशी काहीही संबंध नसतो, आणि आकाशाकडे पाहून तिचा अंदाज येत नाही.

८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात मंडी जिल्ह्यातील थलौटजवळ जे घडले ते या संदर्भात सांगितलेच पाहिजे. हैदराबादहून सहलीस आलेल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा एक गट संध्याकाळच्या वेळी बियास नदीच्या पात्रातील खडकांवर छायाचित्रे काढीत उभा होता. वरच्या बाजूस असलेल्या लारजी प्रकल्पातून पाणी सोडले गेले. पाहता पाहता पात्र भरले आणि २४ विद्यार्थी व सहलीचा एक संयोजक वाहून गेले. त्यांपैकी कोणीही राफ्टिंग करीत नव्हते, पोहत नव्हते. त्यांच्या डोळ्यांना दिसत होती ती शांत, उथळ, खडकाळ नदी. धरणाच्या खालच्या अंगाला असलेल्या नदीचे पात्र कोरडे दिसले तरी ते पाण्याचेच आहे, एवढे या घटनेवरून प्रत्येक सहल-संयोजकाने मनाशी पक्के करावे. धोक्याची सूचना देणारे फलक वाचावेत. भोंग्याचा आवाज कशासाठी असतो हे स्थानिकांना आधीच विचारून ठेवावे, आणि तो ऐकू येताच वादविवाद न करता पात्राबाहेर पडावे.

कोलाडच्या कुंडलिकेवर हेच गणित उलट बाजूने पाहावयास मिळते. भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणी खाली आले की नदी राफ्टिंगजोगी होते. म्हणूनच तेथील फेऱ्या सकाळी ठरावीक वेळी निघतात. उशिरा पोहोचलेल्या गटाने आयोजकाकडे हट्ट धरू नये. पाण्याची वेळ प्रवाशांच्या सोयीने ठरत नसते.

कोणी जाऊ नये, कोणी विचारून जावे

राफ्टिंगपूर्वी एक प्रतिज्ञापत्र भरून घेतात आणि त्यात आजारांविषयी प्रश्न असतात. हा कागद न वाचताच सही करण्याची पद्धत सर्रास आढळते. खरे तर त्या कागदावरील माहिती आयोजकापेक्षा स्वतः प्रवाशाच्या अधिक उपयोगाची असते.

अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार, असलेल्यांनी राफ्टिंग टाळावे. जमिनीवर आलेला झटका बहुधा काही मिनिटांत ओसरतो. तोच पाण्यात आला तर जाकीट अंगात असूनही तोंड पाण्याखाली जाऊ शकते. गरोदर स्त्रिया, अलीकडे शस्त्रक्रिया किंवा अस्थिभंग झालेल्या व्यक्ती, छातीत दुखण्याचा किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असलेल्या व्यक्ती यांनी काठावरच थांबावे. थंड पाण्यात एकाएकी पडल्यावर रक्तदाब आणि हृदयाचा वेग झटक्याने वाढतो. निरोगी तरुण ते सहन करतो. रुंदावलेल्या किंवा अरुंद झालेल्या रक्तवाहिन्या सहन करतीलच असे नाही. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांना खडकावर डोके आपटल्यास मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती अधिक असते. खांदा पूर्वी निखळला असेल तर वल्हवताना तो पुन्हा निखळण्याची शक्यता मोठी, म्हणून हे मार्गदर्शकास आधी सांगावे.

दमा असलेल्यांनी श्वासमार्गातून घ्यावयाचे औषध मागे गाडीत ठेवू नये. ते जलरोधक पिशवीत घालून मार्गदर्शकाच्या राफ्टमध्येच असावे. मधुमेही व्यक्तींनी उपाशीपोटी वल्हवू नये आणि गोळ्या-बिस्किटे किंवा ग्लुकोजची पुडी सोबत ठेवावी. थरथरणे व घाम येणे ही साखर उतरल्याची लक्षणे आणि थंडीने कुडकुडणे यांत गफलत होऊ शकते, हे बरोबरच्यांनाही सांगून ठेवावे. लेह सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. तेथे विमानाने उतरणाऱ्यांनी किमान ४८ तास विश्रांती घेतल्याखेरीज सिंधू किंवा झंस्कारवर जाण्याचा बेत करू नये; डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही लक्षणे असतील तर तोवर मुळीच नाही.

मुलांच्या बाबतीत किमान वय राज्यागणिक व टप्प्यागणिक वेगळे असते. ऋषिकेशला सर्वसाधारणपणे १४ वर्षांखालील मुलांना घेत नाहीत. वय वाढवून सांगून मुलाला राफ्टमध्ये बसवणारे पालक आढळतात, म्हणून येथे मुद्दाम सांगणे भाग आहे : मोठ्यांच्या मापाचे जाकीट लहान मुलाच्या अंगावरून पाण्यात वर सरकते आणि मूल त्यातून खाली निसटते. प्रश्न केवळ नियमाचा नाही.

मद्याविषयी फार लिहिण्याची गरज नसावी. मद्य घेतल्यावर अंगात ऊब आल्याचा भास होतो, कारण त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात. प्रत्यक्षात शरीरातील उष्णता त्यामुळे अधिक वेगाने बाहेर पडते. निर्णयशक्ती मंदावते ती वेगळीच. सकाळी राफ्टिंग असेल तर आदल्या रात्रीच्या शेकोटीभोवतीही ते नको.

आयोजकाला विचारावयाचे प्रश्न

जून २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने नियमावली तयार होईपर्यंत राज्यातील जलक्रीडांना स्थगिती देण्याचा आदेश दिला होता. राफ्टिंग हा केवळ करमणुकीचा व्यवसाय नाही, लोकांच्या जिवाशी त्याचा संबंध आहे, हे त्या निमित्ताने अधोरेखित झाले. आज आयोजकाकडे राज्य शासनाचा परवाना असणे अपेक्षित आहे आणि तो पाहण्यास मागण्यात संकोच वाटू देऊ नये.

त्याहून महत्त्वाचे प्रश्न पाण्याकाठी विचारावयाचे असतात. आपली राफ्ट एकटी जाणार की बरोबर दुसरी राफ्ट असेल? पुढे बचावासाठी कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवावयाची निमुळती होडी, असेल काय? राफ्ट उलटली तर आठ माणसे आठ दिशांना वाहतात आणि एकटा मार्गदर्शक सर्वांना गोळा करू शकत नाही. फेकदोराची पिशवी, प्रथमोपचाराची पेटी, हवा भरण्याचा पंप या वस्तू राफ्टमध्ये आहेत का, हे डोळ्यांनी पाहावे. मार्गदर्शकास प्रथमोपचार व हृदय-श्वसन पुनरुज्जीवनाचे प्रशिक्षण मिळाले आहे का, तेही विचारावे. गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेसारख्या शासकीय संस्थांत जीवरक्षणाचे प्रशिक्षण दिले जाते. असे प्रशिक्षण घेतलेला मार्गदर्शक ते अभिमानाने सांगतो, टाळाटाळ करीत नाही.

निघण्यापूर्वीची सूचना-बैठक हा सर्वांत मोठा पुरावा. जो मार्गदर्शक पंधरा-वीस मिनिटे काढून हुकूम शिकवतो, पडल्यावर काय करावे ते जमिनीवर करून दाखवतो आणि प्रत्येकाचे जाकीट स्वतःच्या हाताने ओढून पाहतो, त्याच्या राफ्टमध्ये बसावे. ‘चला, पाण्यात गेल्यावर सांगतो’ म्हणणाऱ्याच्या राफ्टमध्ये बसू नये, मग पैसे बुडाले तरी चालतील.

अंगावर काय असावे

जाकिटाच्या सर्व चापा बसवून पट्टे आवळावेत. मग सोबत्याने दोन्ही खांद्यांवरील पट्टे धरून ते वर ओढावे. जाकीट हनुवटी-कानापर्यंत वर सरकले, तर ते सैल आहे किंवा मोठे आहे. श्वास घेताना किंचित घट्ट वाटले पाहिजे. फाटलेले, चापा तुटलेले किंवा आतील फोम पिचून पातळ झालेले जाकीट परत करून दुसरे मागावे. शिरस्त्राण कपाळ झाकणारे असावे, मागे कलंडलेले नसावे, आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला असावा. शांत पाण्याच्या टप्प्यात छायाचित्रासाठी ही साधने उतरवण्याचा मोह टाळावा.

सुती कपडे आणि जीन्स पाणी धरून ठेवतात, जड होतात आणि अंग गार पाडतात; कृत्रिम धाग्याचे, लवकर वाळणारे कपडे घालावेत. साडी, ओढणी, धोतर, लांब उपरणे यांपैकी काहीही नको, कारण ते खडकात किंवा दोरात अडकते. पायांत मागे पट्टा असलेल्या चपला किंवा जुने बूट असावेत. अंगठ्या, बांगड्या, गळ्यातील साखळी काढून ठेवावी; मंगळसूत्राबाबत भावना समजण्यासारखी आहे, पण तेही उतरवून सुरक्षित ठेवलेले बरे. चष्म्याला दोरी लावावी. काढता येण्याजोगी कवळी असेल तर ती काढावी. हिवाळ्यात आणि बर्फाच्या पाण्यात शरीराची ऊब धरून ठेवणारा रबरी पोशाख मिळत असल्यास तो अवश्य घ्यावा.

पाण्यात पडल्यास

चांगल्या मार्गदर्शकाच्या राफ्टमधूनही माणसे पडतात. तेव्हा पुढील गोष्टी आठवायला हव्यात, आणि त्या आठवण्यासाठी आधी दोन-तीनदा बोलून पाहिलेल्या असाव्यात.

बर्फासारख्या थंड पाण्यात पडताच माणूस आपोआप मोठा श्वास आत ओढतो आणि पुढचा मिनिटभर, कधी त्याहून जास्त, धापा टाकतो. हा शरीराचा प्रतिक्षेप आहे; त्यावर मनाचा ताबा चालत नाही. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी फुप्फुसात जाते. म्हणून पहिले काम पोहणे नव्हे : तोंड-नाक पाण्याबाहेर ठेवून श्वास ताळ्यावर येऊ देणे, हे पहिले काम. त्यानंतरची सुमारे दहा मिनिटे हातपाय कामाचे असतात. पुढे बोटे बधिर होतात आणि दोरही धरवत नाही. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने शरीराची उष्णता काढून नेते, त्यामुळे मदतीची वाट पाहण्यापेक्षा त्या दहा मिनिटांतच राफ्ट किंवा काठ गाठण्याचा प्रयत्न करावा.

वाहताना पाठीवर असावे, पाय पुढे, म्हणजे प्रवाहाच्या दिशेने, गुडघे किंचित वाकलेले आणि पायाची बोटे पाण्याच्या वर. खडक आला तर त्याला तळव्यांनी रेटावे. उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. ही सूचना सर्वांत अधिक मोडली जाते आणि तिचा परिणाम सर्वांत वाईट होतो. गुडघ्याहून खोल वाहत्या पाण्यात पाय टेकवला आणि तो दोन दगडांच्या फटीत अडकला, तर मागचा प्रवाह माणसाला पुढे आडवा पाडतो व पाण्याखाली दाबून धरतो. मग जाकिटाचाही उपयोग होत नाही. पाणी पोटरीएवढे किंवा त्याहून उथळ होईपर्यंत, हात तळाला लागेपर्यंत, वाहतच राहावे.

याला एक अपवाद आहे. प्रवाहात आडवे पडलेले झाड किंवा अडकलेल्या फांद्या गाळणीसारखे काम करतात : पाणी पार जाते, माणूस अडकतो. असे झाड टाळता येत नसेल तर पोटावर वळून, डोके पुढे करून जोराने त्याच्याकडे पोहावे आणि हातांनी रेटा देऊन त्याच्यावर चढावे. पाय पुढे ठेवून त्याच्याखाली जाऊ नये.

राफ्टला धरून राहता आले तर उत्तम, परंतु राफ्ट आणि खडक यांच्यामध्ये येऊ नये. दोर फेकला गेला तर पिशवी नव्हे, दोर धरावा. तो मनगटाभोवती गुंडाळू नये. छातीशी धरून पाठीवर व्हावे, म्हणजे दोर खांद्यावरून जाईल आणि तोंड वर राहील. शिट्टी तीनदा वाजली तर ती मदतीची हाक आहे. मार्गदर्शक हाताने ज्या दिशेला खूण करतो ती सुरक्षित दिशा असते, धोक्याची नव्हे. हे ठाऊक नसल्याने माणसे नेमकी उलट दिशेला पोहतात.

नदीवरील बुटके बंधारे, ज्यांवरून पाण्याची सरळ चादर पडते, दिसायला निरुपद्रवी असतात. त्यांच्या पायथ्याशी पाणी उलटे फिरते आणि त्यात सापडलेल्या वस्तूस पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढते. महाराष्ट्रातील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवर पावसाळ्यात पोहायला उतरणाऱ्यांनीही हे वाचावे.

किनारा अधिक फसवा

राफ्टमधील प्रवाशाच्या अंगात जाकीट असते, डोक्यावर शिरस्त्राण असते आणि शेजारी नदी जाणणारा माणूस असतो. रात्रीच्या तंबूजवळच्या वाळूवर यांपैकी काहीच नसते. पांढऱ्या वाळूचा काठ दोन पावलांवर एकदम खोल होतो, आणि संध्याकाळी स्नानासाठी किंवा पाय बुडवण्यासाठी उतरलेली व्यक्ती प्रवाहात खेचली जाते. तिला वाचवण्यासाठी मागोमाग उडी घेणारा मित्र हा दुसरा बळी ठरतो. बुडणाऱ्याच्या दिशेने काठी, वल्हे, दोर, ओढणी, रिकामे बंद कॅन असे काहीही पुढे करावे किंवा फेकावे. प्रशिक्षण नसताना स्वतः उतरू नये. खडकावरून उडी मारण्याच्या जागा आता सहलीच्या कार्यक्रमातच धरल्या जातात. पाण्याखाली काय आहे ते दिसत नसेल तेथे उडी नको, आणि सूर तर कोठेच नको. मानेचा मणका मोडल्यास उरलेले आयुष्य अंथरुणावर जाते.

प्रथमोपचार

बुडालेल्या व्यक्तीला बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढणे, तिला उलटे टांगणे, डोक्यावर धरून गरगर फिरवणे हे प्रकार अजूनही अनेक ठिकाणी केले जातात. ते पूर्णपणे थांबले पाहिजेत. पोटातील पाणी बाहेर आले म्हणजे फुप्फुसे मोकळी झाली असे नव्हे, उलट उलटी श्वासनलिकेत जाते आणि मोलाची मिनिटे वाया जातात.

व्यक्ती बेशुद्ध असेल आणि तिचा श्वास नेहमीसारखा चालत नसेल, तर तिला कठीण सपाट जागी उताणे निजवावे. बुडण्यात मूळ अडचण प्राणवायूची असते, म्हणून येथे आधी श्वास द्यावयाचे असतात. हनुवटी वर उचलून, नाक चिमटीत धरून, तोंडाने दोन श्वास द्यावेत. प्रत्येक श्वासाला छाती उंचावताना दिसली पाहिजे. मग छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यावेत. दर ३० दाबांनंतर २ श्वास, हा क्रम वैद्यकीय मदत येईपर्यंत चालू ठेवावा. तोंडाशी फेस आला तरी तो पुसत बसू नये. श्वास सुरू झाला की व्यक्तीला कुशीवर वळवावे. श्वास देणे जमत नसेल तर निदान छातीदाबन तरी थांबवू नये.

गारठलेल्या व्यक्तीची लक्षणे सोबत्यांनी ओळखावयाची असतात, कारण तिला स्वतःला ती कळत नाहीत. आधी जोराची थरथर, मग बोलण्यात अडखळणे, हातातून वस्तू गळणे, चिडचिड किंवा विचित्र शांतता. थरथर आपोआप थांबली आणि व्यक्ती सुस्त झाली तर ती सुधारली असे समजू नये. धोका वाढला आहे. ओले कपडे काढून कोरड्या कपड्यांत व घोंगडीत लपेटावे, डोके झाकावे, वाऱ्यापासून आडोसा द्यावा. पूर्ण शुद्धीवर असल्यास गरम गोड चहा द्यावा. हातपाय चोळू नयेत, शेकोटीच्या अगदी जवळ बसवू नये, मद्य देऊ नये. फार गारठलेल्या माणसाला हलवतानाही हळुवार हाताळावे, कारण धसक्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

मदतीसाठी ११२ हा क्रमांक देशभर चालतो. रुग्णवाहिकेसाठी उत्तराखंडासह बहुतेक राज्यांत १०८. दऱ्यांमध्ये भ्रमणध्वनीस संपर्क मिळेलच असे नाही, म्हणून नदीकाठचा रस्ता कोठे आहे आणि जवळचे रुग्णालय किती लांब आहे ते आधी विचारून ठेवावे. ऋषिकेशला अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे, तरी कौडियालाहून पहाडी रस्त्याने तेथे पोहोचण्यास वेळ लागतो. आणि तंबू जर महामार्गापलीकडच्या काठावर असेल, तर जखमी व्यक्तीला आधी नदी ओलांडावी लागते. हा तपशील नकाशावर सहज दिसत नाही.

परतल्यावर

पाणी नाकातोंडात जाऊन ठसका लागलेली व्यक्ती लगेच बरी वाटली तरी पुढील काही तास तिच्यावर लक्ष ठेवावे. खोकला वाढणे, श्वास लागणे, छाती भरून येणे, ओठ निळसर पडणे किंवा अनाकलनीय गुंगी यांपैकी काही दिसल्यास रात्र निघून जाण्याची वाट पाहू नये. बेशुद्ध झालेल्या किंवा पुनरुज्जीवन करावे लागलेल्या व्यक्तीला, ती कितीही सावरली तरी, रुग्णालयात नेलेच पाहिजे. डोक्याला मार लागल्यावर वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी किंवा गोंधळलेले बोलणे असेल तर तसेच.

कानात दुखणे, खाज किंवा स्राव हा पाण्यात राहिल्याने होणारा कर्णनलिकेचा संसर्ग असू शकतो. कानात तेल घालू नये, डॉक्टरांना दाखवावे. खरचटलेल्या जागा स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवाव्यात आणि धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती ते तपासावे.

पावसाळ्यात कोकणातील पाण्यात उतरलेल्यांना लेप्टोस्पायरोसिसचा संभव असतो. उंदीर-गुरांच्या मूत्राने दूषित पाणी जखमेतून किंवा डोळ्या-तोंडातून शरीरात गेल्यावर सामान्यतः ५ ते १४ दिवसांनी ताप, अंगदुखी, पोटऱ्यांत तीव्र वेदना आणि डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसतात. हिमाचल आणि उत्तराखंडात गवतात तंबू ठोकून राहिलेल्यांना बारीक किड्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस होऊ शकतो. त्यात काही वेळा काखेत, जांघेत किंवा पट्ट्याखाली काळी खपली आढळते. दोन्ही आजार लवकर ओळखले तर साध्या प्रतिजैविकांनी बरे होतात, आणि दुर्लक्ष केल्यास मूत्रपिंड, यकृत व फुप्फुसांपर्यंत पोहोचतात. तोवर प्रवासी आपल्या गावी परतलेला असतो, आणि तेथील डॉक्टरांना नदीची कल्पना असण्याचे कारण नसते. म्हणून परतल्यानंतर महिन्याभरात ताप आला, तर आपण कोणत्या नदीत, कोणत्या तारखांना होतो आणि कोठे मुक्काम केला, हे तपासणीच्या वेळी पहिल्या वाक्यातच सांगावे.